टाक्यावरची पहिली घागर

माझ्या यजमानांना शेवटच्या वर्षी पाणी मोजून द्यावं लागत होतं. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. पनवेलला ठरलेल्या वारी डायलिसिस असे आणि मधल्या दिवसांत पोटात किती पाणी जावं याची डॉक्टरांनी सक्त मर्यादा घातली होती. पेणला रामवाडीत आम्ही राहतो त्या इमारतीत पाण्याची ददात नाही. सकाळी नळ सुटला की बादल्या भरल्याचा आवाज सगळ्या जिन्यात घुमतो. ते पुढच्या खोलीत पलंगावर पडून तो आवाज ऐकत असत. कधी तक्रार केली नाही. एकदा फक्त म्हणाले, "नळ जरा बारीक सोडत जा." त्यानंतर मी भांडी मागच्या बाल्कनीत घासू लागले. डॉक्टरांचं बरोबर होतं, मलाही ते कळत होतं आणि त्यांनाही. तरी पाणी मागणाऱ्या माणसासमोर वाटी धरून "आता पुरे" म्हणणं काय असतं, ते ज्याने केलं असेल त्यालाच ठाऊक.

ते गेल्यावर मी देवाचं करणं सोडलं. ठरवून सोडलं असं नाही. एक दिवस राहिलं, दुसऱ्या दिवशी राहिलं, मग राहूनच गेलं. देव्हाऱ्याला पडदा होता, तो ओढून घेतला. मुलगी बंगळुरूला असते. ती फोनवर विचारी, "आई, जेवलीस का?" मी "हो" म्हणे. शाळेतून निवृत्त झाले होते, त्यामुळे दिवसभरात बोलण्याची वेळ दूधवाल्यापुरतीच येई. मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. लग्न होऊन आल्यापासून ज्या देवीच्या पायांवर मी दर वैशाखात घागरभर पाणी ओतलं, तिने माझ्याच घरात पाण्याला बंदी घातली होती. हे असं बोलणं शहाणपणाचं नाही हे मला कळत होतं. रोगाला कारणं असतात, ती मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकली होती. पण रिकाम्या घरात माणूस शहाणपणाने विचार करतोच असं नाही.

त्या घागरीबद्दल आधी सांगायला हवं. यजमानांचं मूळ गाव रोहा तालुक्यात, डोंगराच्या सोंडेवरची एक लहान वाडी. जमिनी होत्या तेव्हा घर नांदतं होतं. पुढे सगळे शिकले, कोणी शिक्षक झाले, कोणी बँकेत लागले, आणि घराला कुलूप लागलं. वाडीच्या वरच्या अंगाला वाघजाईची राई आहे. तिथे कोणी फांदी तोडत नाही, वाळलेलं पानसुद्धा चुलीला नेत नाही. राईच्या पायथ्याशी कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं असं. त्याच्या तळाशी एका भेगेतून झरा येतो. वाडीची आणि राईतल्या जनावरांची तहान पिढ्यान्‌पिढ्या त्यावर भागली. दर वैशाखात वाडी एकत्र येऊन टाकं उपसते. गाळ, पाला, शेवाळ काढून तळ घासते, आणि मग झऱ्याने नवं पाणी धरेपर्यंत थांबते. त्या नव्या पाण्याची पहिली घागर देवीची. ती आमच्या घरातल्या सवाष्ण सुनेने भरायची, देवीच्या शिळेवर ओतायची, आणि त्यानंतरच बाकीच्यांनी हंडे बुडवायचे. तोवर त्या पाण्याला कोणी बोटही लावत नाही. तांब्याची ती घागर आमच्याकडे असते. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी ती माझ्याकडे दिली. आमच्या घराचा वाडीशी उरलेला संबंध म्हणजे तेवढी एक घागर होती.

मधल्या काळात वाडीत नळ आले. डोंगराखाली विहीर खणली, पंप बसला, घरोघर तोट्या लागल्या. टाक्याचा उपसा मग एक वर्ष झाला नाही, दुसऱ्या वर्षीही झाला नाही. कोणाला त्याचं वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला नळाचं महत्त्व सांगावं लागत नाही. यजमान गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात खालची विहीर आटली आणि तोट्या कोरड्या पडल्या. टँकर वाडीच्या अलीकडेच थांबे, कारण वरचा रस्ता त्याला चढत नव्हता. मग सगळ्यांना टाक्याची आठवण झाली.

मला गणपतदादा गुरवांचा फोन आला. वाघजाईची पूजा त्यांच्याकडे आहे. ख्यालीखुशाली विचारून ते घुटमळले. मग म्हणाले, "वयनी, रविवारी टाकं उपसायचं ठरलाय. कंपनीतली पोरं सुट्टीला असतात. घागर तेवढी पायजे. आन धाकट्या वयनींना पन सांगा, त्या आल्या म्हंजे बरं." त्यांनी पुढचं बोलायचं टाळलं आणि मीही विचारलं नाही. माझ्या धाकट्या जावेला फोन केला. ती डोंबिवलीला असते. "येते की ताई," ती लगेच म्हणाली, "गाडीनेच येऊ. सकाळी लवकर निघू." मला हायसं वाटलं. घागर पोचवायची, बाजूला उभं राहायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, एवढंच माझं काम उरलं होतं. चिंच लावून घागर घासली. ती चकचकीत झाली तशी मला तिच्याकडे पाहवेना, म्हणून पिशवीत घालून ठेवली.

रविवारी पहाटेच्या एस.टी.ने निघाले. पिशवीतून घागरीचा काठ बाहेर डोकावत होता. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "मावशी, पाणी आणायला थेट रोह्याला?" पुढच्या बाकावरचे दोघे हसले. मीही हसले असेन. नागोठण्याला पूल ओलांडताना अंबेचं पाणी खाली गेलेलं दिसलं. पावसाळ्यात हीच नदी बाजारपेठेत शिरते. रोह्याच्या अलीकडच्या अष्टमी गावात उतरले तेव्हा मात्र कुंडलिका भरून वाहत होती. वरच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी तिला असतं, त्यामुळे भर वैशाखातही ती कोरडी पडत नाही. पुलाजवळ उभी राहून मी ते पाणी पाहिलं. आमच्या वाडीतूनही ते दिसतं. सकाळच्या उन्हात खाली दूर चकाकतं आणि वर एक हंडा भरत नाही. मिनीडोअर रिक्षाने डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेले आणि उरलेला चढ थांबत थांबत चढले.

वर पोचले तोवर टाक्यावर काम सुरू झालेलं होतं. ती चूक होती, आणि ती सगळ्यांच्या लक्षात थोड्या उशिराने आली. रीत अशी की घागर उचलणारी गावात आली, तिने देवीसमोर सुपारी ठेवली, की मग टाक्यात पाऊल टाकायचं. पण ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून पोरांनी उजाडताच फावडी घेतली होती. एकदोघांना रविवारीही दुपारची शिफ्ट होती, त्यांना घाई होती. हंड्यांची साखळी करून त्यांनी जुनं हिरवं पाणी बाहेर काढलं, ते बाजूच्या केळींना घातलं, गाळ उपसून बांधावर टाकला. मी पोचले तेव्हा तळाचा कातळ उघडा पडला होता आणि भेगेतून झरा येताना दिसत होता. माझ्या करंगळीएवढी धार. सगळे वाकून वाकून ती पाहत होते. नितेश नावाचा एक तरुण, कंपनीत कामाला असलेला, चिखलाने माखून पायरीवर बसला होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, "काकी, झरा जिता हाय!"

"धाकटी कुठं हाय?" चांगुणाबाईने विचारलं. ती वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिच्या तोंडाला लागायला पुरुषही भितात.

"येतेय, रस्त्यात आहे," मी म्हणाले.

"मंग ह्या वानरांनी कुनाला इचारून हात घातला?" तिने पोरांकडे पाहत विचारलं.

टाक्यात पाणी हळूहळू धरू लागलं. घोटाभर झालं, मग पोटरीपर्यंत. इतकं स्वच्छ की तळाच्या कातळातल्या जुन्या छिन्नीच्या खुणा दिसत होत्या. वाडीच्या बायका हंडे-कळशा घेऊन पायऱ्यांच्या वर रांगेत बसल्या. त्या दिवशी वाडीत कोणाच्याही घरात पाणी नव्हतं. असेल-नसेल ते सकाळी उपसणाऱ्यांच्या न्याहारीला संपलं होतं. टँकर रविवारी येत नसे. ऊन डोक्यावर आलं. पोरं सावलीत आडवी झाली. चिखल त्यांच्या अंगावर वाळून पांढरा पडला होता. समोर पाणी होतं आणि कोणी ते पीत नव्हतं. मला हे लिहिताना नवल वाटतं, पण तेव्हा वाटलं नाही. ज्या पोरांनी फोनवर सगळं जग पाहिलं आहे त्यांनीही हात घातला नाही. भीतीमुळे म्हणावं तर तसं वाटत नव्हतं. पंगतीत सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत आपण थांबतो, तसं ते थांबले होते.

वाडीत फोनला रेंज नसते. त्यासाठी वरच्या खळ्यापर्यंत चढावं लागतं. मी दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी जाऊ म्हणाली, वडखळला गाडी अडकली आहे, हलतच नाही. दुसऱ्या वेळी तिचा आवाज वेगळा होता. "ताई, आम्ही परत फिरलो हो. ह्यांना चक्कर आल्यासारखं झालं, एवढं ऊन, आणि पुढे सगळा रस्ता जाम आहे. तुम्हीच घाला ना पाणी. आता कोण मानतं हे सगळं?" तिच्यावर मी रागावले नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. फोन बंद करून मी खळ्यावर उभी राहिले. खाली कुंडलिकेचा पट्टा दिसत होता, अलीकडे राईचं गर्द हिरवं, आणि त्याखाली टाक्याभोवती बसलेली लहान लहान माणसं. ती सगळी माझी वाट पाहत होती, आणि त्यांना जे हवं होतं ते माझ्याकडे नव्हतं. एकटं वाटणं मला नवीन नव्हतं. पण भरल्या वाडीकडे वरून पाहताना ते जसं वाटलं तसं घरातही कधी वाटलं नव्हतं.

खाली येऊन मी सांगितलं. मग सगळे एकदम बोलू लागले. नितेश म्हणाला, "मंग काकींनी उचलावी. इतकी वर्सं त्यांनीच उचलली ना?" दुसरा कोणी म्हणाला, आजवर तसं झालेलं नाही, आधीच झरा एवढुसा, काही कमी-जास्त झालं तर? एका बाईने सुचवलं की घरातली सून नाही तर वाडीतली कोणतीही सवाष्ण चालेल. त्यावर दुसरीने विचारलं, "तू उचलतेस? उचल की मंग." ती मागे सरली. मी घागर हातात धरून उभी होते. वाईट कोणीच बोललं नाही. माझ्यासमोर बोलावं लागतंय याचा त्यांना संकोच होता, आणि तोच संकोच मला जास्त लागत होता. मला उचलायची होती का? होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला पाण्याची किंवा वाडीचीसुद्धा तितकी पर्वा नव्हती. माझी जागा अजून आहे का, एवढंच मला कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. आणि भीतीही होती. मी घागर बुडवली आणि पुढे झरा आटला, तर जन्मभर ते माझ्या नावावर राहील.

गणपतदादा म्हणाले, "कौल लावतो. तिलाच इचारू." कौल म्हणजे शिळेवर दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि प्रश्न विचारून थांबायचं. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. पण पाकळ्या चिकटवायला पाणी कुठलं? टाक्याला हात लावायचा नव्हता. माझ्या पिशवीत पेणहून आणलेली बाटली होती. अर्धी मी मघाशी गाळ उपसणाऱ्या एका म्हाताऱ्याला दिली होती, त्याला भोवळ आली म्हणून. तळाशी थोडं उरलं होतं, ते मी पुढे केलं.

गणपतदादांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "देवीला बाटलीचं पानी चालंल काय?"

"तिला चालंल," चांगुणाबाई म्हणाली. "तुलाच चालत नसंल. लाव मुकाट."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या सकाळपासून पहिल्यांदाच कोणी हसलं.

गणपतदादांनी कुड्याच्या दोन पाकळ्या भिजवून शिळेवर लावल्या, माझं नाव घेतलं, आमच्या घराचं नाव घेतलं, आणि मोठ्याने विचारलं, आई, हिने घागर उचलावी की नाही ते सांग. मी हात जोडले. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर उभी होते. नमस्कार करायचा विसरून मीही मनात तेच विचारत राहिले. पाकळ्या पडेनात. सगळे पाहत होते. शेंदराच्या चिकटीमुळे असेल, सावलीमुळे असेल, दोन्ही जागच्या जागी राहिल्या. गणपतदादांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. तिसऱ्यांदा घातल्यावर त्यांचाच घसा कोरडा पडला. "देवी बोलत नाय," ते म्हणाले. "थांबाया लागंल." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आम्ही सगळे टाक्यापासून दूर, आंब्याच्या सावलीत येऊन बसलो. मुलं रडून रडून झोपली होती. कुत्री जिभा बाहेर काढून पडली होती. कोणाला बोलायचं बळ राहिलं नव्हतं. टाक्याकडे कोणी नव्हतं.

मी पाहिलं त्याच्या आधी नितेशच्या बायकोने पाहिलं असावं, कारण तिने माझा दंड घट्ट धरला. राईच्या कडेला करवंदीच्या जाळीजवळ काहीतरी हललं. मग ते उघड्यावर आलं. भेकर होतं. तांबूस, शेळीहून थोडं मोठं, शिंगं नसलेलं, म्हणजे मादी. भेकर मी त्या डोंगरात ऐकलं होतं. संध्याकाळी ते कुत्र्यासारखं भुंकतं. पण दिवसाढवळ्या, माणसांच्या एवढं जवळ कधी पाहिलं नव्हतं. तिच्या बरगड्या दिसत होत्या. ती दोन पावलं टाकी आणि थांबे. एक कान आमच्याकडे वळवी. तिने आम्हाला पाहिलं होतं, यात शंका नाही. एवढी माणसं, एवढी कुत्री, आणि ती तरीही पुढे आली. पहिल्या पायरीवर तिचा खूर वाजला तो आवाज आम्हाला आला. एक कुत्रं मान वर करून बघत राहिलं, उठलं नाही. ती खाली उतरली, मान झुकवली आणि पिऊ लागली.

ती पुष्कळ वेळ प्यायली. मध्ये एकदा मान वर केली, तोंडातून पाणी ठिबकलं, इकडे तिकडे पाहिलं आणि पुन्हा प्यायली. आम्हाला तिच्या गळ्यातली हालचाल दिसत होती. मी तिच्याकडे पाहत होते. मला माझे यजमान आठवले असं म्हणणं बरोबर होणार नाही. मला काहीच आठवत नव्हतं. कोणीतरी तहानलेलं पाण्यापाशी आलं आहे आणि पुरे वाटेपर्यंत पितं आहे, एवढंच समोर होतं. तिला थांबवणारा कोणी नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं हे मला नितेशच्या बायकोने पदर पुढे केला तेव्हा कळलं. पिऊन झाल्यावर ती पायऱ्या चढली, क्षणभर शिळेजवळ उभी राहिली आणि ज्या जाळीतून आली होती तिच्यात शिरली. पानं हलली, मग थांबली.

मग गणपतदादा उठले आणि शिळेकडे गेले. दोन्ही पाकळ्या जशाच्या तशा होत्या. त्यांनी पुन्हा हात जोडून गाऱ्हाण्याला तोंड उघडलं, तेवढ्यात चांगुणाबाई मागून ओरडली, "आता काय इचारतोस रं? जिचं पानी ती पिऊन गेली. तुझी पाकळी ऱ्हाऊ दे तिथंच." गणपतदादा वळले. मला वाटलं ते वाद घालतील. त्यांनी हळूच दोन्ही पाकळ्या काढल्या, शिळेच्या पायाशी ठेवल्या, आणि म्हणाले, "चला गो. भरा."

त्यानंतर जे झालं त्यात भक्तिभाव वगैरे काही नव्हता. गर्दी झाली. पोरं ओंजळीने प्यायली, तोंडावर मारलं, एकमेकांच्या अंगावर उडवलं. बायकांनी त्यांना शिव्या घालून बाजूला केलं. कळशा बुडाल्या, वर आल्या, पुन्हा बुडाल्या. झरा त्याच्या गतीने येतच होता. मी रांगेत होते. कोणी म्हणालं, "काकी, पुढं या." मी म्हटलं, माझी पाळी आली की येते. पाळी आली तेव्हा घागर बुडवली. कितीतरी दिवसांनी तिचं भरलेलं वजन हाताला लागलं. वर येऊन मी ती शिळेवर ओतली. शेंदरावरून पाणी खाली आलं, दगडाच्या खाचेत साचलं, मातीत मुरलं. मी आजूबाजूला पाहिलं. कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. गणपतदादा पायरीवर बसून तांब्याने पाणी पीत होते, डोळे मिटून. चांगुणाबाई आपल्या हंड्याखाली चुंबळ नीट करत होती. ज्या गोष्टीसाठी मी दुपारभर जीव मुठीत धरून उभी होते, ती होऊन गेली आणि कोणी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

मी पायरीवर बसून ओंजळीने पाणी प्यायले. गार होतं, मातीची आणि पाल्याची चव होती. चांगुणाबाई जाता जाता थांबली. "बस गो जरा," ती म्हणाली. "गाडीला येळ हाय तुझ्या." मी बसले. संध्याकाळी अष्टमीला परत आले, पेणची गाडी मिळाली. जावेला फोन करून भावोजींची प्रकृती विचारली. तिने विचारलं, काय झालं शेवटी? मी म्हटलं, झालं सगळं. त्याहून जास्त मला सांगता आलं नाही.

ते भेकर कोण होतं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. मला माहीत नाही. त्या वर्षी वरचे सगळे पाणवठे आटले होते आणि जनावराला तहान होती, हे खरं आहे. आम्ही पाण्यापासून दूर जाऊन बसलो नसतो तर ती आली नसती, हेही खरं. आणि देवी बोलली नाही म्हणूनच आम्ही दूर जाऊन बसलो होतो. याच्यापुढे मी जात नाही. मी तिच्याकडे होकार मागायला गेले होते. तो तिने दिला नाही. नकारही दिला नाही. माझा प्रश्नच तिने माझ्या हातातून काढून घेतला, आणि तो गेला तेव्हा मला कळलंही नाही. ती पीत होती तेवढा वेळ मी कोणाची कोण आहे, माझी जागा कुठे आहे, याचा मला पूर्ण विसर पडला होता. मागून मिळालं असतं त्यापेक्षा हे मोठं होतं. एवढ्यासाठी मी तिची ऋणी आहे.

एकटेपणा गेला असं मी लिहिणार नाही. घर रिकामंच आहे. देव्हाऱ्याचा पडदा आता उघडा असतो, पण मी तिथे बसून काही मागत नाही, जाब विचारत नाही. बसते आणि उठते.

यंदा पुन्हा उपसा झाला. खालच्या विहिरीला पाणी होतं, नळ चालू होते, तरी झाला. पहिल्या घागरीची रीत आता बदलली आहे. कोणी ठरवून बदलली नाही. टाक्याच्या वरच्या कडेला कातळात एक खोलगट जागा आहे, पहिली घागर तिथे ओततात. ज्या बाईचा हात मोकळा असेल ती ओतते. यंदा नितेशच्या बायकोने ओतली. मग सगळे उठून आंब्याखाली जाऊन बसले. मीही बसले. पोरांना गप्प केलं, कुत्री धरून ठेवली. राईकडे पाहत आम्ही थांबलो. पान हललं नाही. कातळातलं पाणी उन्हात तसंच चमकत राहिलं. कोणीही आलं नाही. कोणी कुरकुरलं नाही, कोणी घाई केली नाही, आणि माझ्या मनातही काही आलं नाही. पुरेसं थांबून झाल्यावर चांगुणाबाईने गुडघ्यावर हात टेकले, "चला गो" म्हणाली, आणि आम्ही आपापले हंडे उचलले.